सरकारचा हात : हिंदुस्थान व चीन

चार व्यापारी एका गादीवर बसले आणि बोलणें देशाच्या स्थितीवर आलें म्हणजे एक वाक्य हटकून कानीं पडतें. "चीनकडे पाहा. तेथें सरकारनें मनांत आणलें कीं रस्ता होतो, बंदर होतें, शहर उभें राहतें. आमच्याकडे एका पुलाला दहा वर्षें आणि दहा खटले. आम्हांस दंडाच पाहिजे." त्याच बैठकींत एखादे इंग्रजी ग्रंथ वाचलेले गृहस्थ असले तर ते म्हणतात, "छे, सरकारनें सगळीकडून हात काढून घ्यावा. चीन वाढला तो सरकार बाजूस झालें म्हणूनच." हीं दोन्ही मतें आम्हीं इतक्या वेळां, आणि इतक्या प्रतिष्ठित माणसांच्या तोंडून ऐकिलीं आहेत, कीं त्यांचा एकदां नीट हिशेब मांडणें आम्हांस अवश्य वाटतें. आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्षांनीं चीनच्या खातेवहीचें शेवटचें पान तेवढें वाचलें आहे. जमेची पहिली रकम कोठून आली, आणि नांवें कोणाच्या पडली, हें त्यांनीं पाहिलेलें नाहीं.

प्रथम आंकडे घेऊं. १९४७ सालीं हिंदुस्थान स्वतंत्र झाला आणि १९४९ सालीं चीनमध्यें नवें लोकराज्य स्थापन झालें. दोन्ही राष्ट्रें लोकसंख्येनें प्रचंड, शेतीवर जगणारीं, परकीयांच्या लोभानें नाडलेलीं आणि बहुतांशीं निरक्षर होतीं. १९५१ च्या खानेसुमारींत आमच्यांतील शेंकडा १८ माणसांस काय तें लिहितां-वाचतां येत होतें. स्त्रियांमध्यें हें प्रमाण शेंकडा ९ देखील नव्हतें. येथें जन्मलेल्या मुलाचें सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतें. चीनची स्थिति यापेक्षां फारशी बरी नव्हती. पुढें १९९० पर्यंतही दर माणशी उत्पन्न डॉलरांत मोजलें तर दोन्ही देश जवळजवळ एकाच पायरीवर उभे होते. आज मात्र चीनचें दर माणशी उत्पन्न आमच्या सुमारें पांचपट आहे. एका पिढींत पडलेली ही तफावत दैवानें पडली असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. मग ती कशानें पडली?

उद्योगधंद्यांच्या वाढींत सरकारचा हात असावा कीं नसावा, हा वाद आमच्याकडे नवा नाहीं. माधवराव रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्यास डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलें, त्यांत सरकारनें व्यापारांत पडूं नये हें इंग्रजी ग्रंथकारांचें तत्त्व सर्व देशांस व सर्व काळीं लागू पडत नाहीं, असें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. ज्या देशाचे धंदे बुडालेले आहेत त्या देशाच्या सरकारास हात जोडून स्वस्थ बसतां येत नाहीं, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. पुढें १९४४ सालीं टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास, कस्तुरभाई लालभाई प्रभृति बड्या धनिकांनीं जी 'मुंबई योजना' प्रसिद्ध केली, तींतही पंधरा वर्षांत दर माणशी उत्पन्न दुप्पट करण्यासाठीं सरकारनें पुढाकार घ्यावा असेंच सुचविलें होतें. तेव्हां सरकारच्या मदतीची मागणी केवळ समाजवाद्यांनीं केली, हा समज चुकीचा आहे. ती व्यापाऱ्यांनीं केली, आणि रास्त केली.

स्वराज्य आल्यावर सरकारनें हात घातला हें खरें. पण तो कोठें घातला? कांहीं कामें खरोखर मोठीं झालीं, व तीं नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. भिलाई, रूरकेला, दुर्गापूर येथें पोलादाचे कारखाने निघाले, धरणें बांधलीं गेलीं, १९५८ सालीं मुंबईस पवईला तंत्रशिक्षणाची श्रेष्ठ संस्था निघाली. परंतु त्याबरोबर १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानें परवान्यांचें जें जाळें विणलें गेलें, त्याची आठवण वयस्क वाचकांस अद्यापि असेल. नवा कारखाना काढावयाचा तर परवाना, असलेला वाढवावयाचा तर परवाना, नवी जिन्नस करावयाची तर परवाना, कारखाना दुसऱ्या गांवीं हलवावयाचा तरी परवाना. आणि परदेशचें यंत्र किंवा सुटा भाग आणावयाचा तर त्याचा निराळा कागद. परवान्यांत लिहिलेल्या मापापेक्षां अधिक माल काढणें हा देखील दोष ठरे! याचा परिणाम असा झाला कीं, उत्तम माल काढणारापेक्षां दिल्लीस खेटे घालूं शकणारा पुढें गेला, आणि ज्याच्या हातीं एकदां परवाना आला त्यास स्पर्धेची भीति उरली नाहीं. गिऱ्हाइकानें मात्र दुचाकी गाडीसाठीं आणि टेलिफोनसाठीं वर्षानुवर्षें वाट पाहिली. अखेर १९९१ सालीं परदेशी चलनाची तिजोरी रिकामी पडली, रिझर्व्ह बँकेस सुमारें ४७ टन सोनें परदेशांत गहाण ठेवावें लागलें, आणि त्याच वर्षाच्या जुलईंत नरसिंह राव व मनमोहन सिंग यांनीं १८ धंदे वगळून बाकी सर्वांवरील परवाना उठविला.

हा झाला अनाठायीं घातलेल्या हाताचा इतिहास. पण आमच्या मतें यापेक्षां मोठा दोष, जेथें हात घालावयाचा तेथें तो घातला नाहीं, हा होय. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें प्राथमिक शिक्षणासाठीं गाऱ्हाणें मांडलें. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं बडोदें संस्थानांत तें सक्तीचें व मोफत केलें. नामदार गोखले यांनीं १९११ सालीं तसेंच बिल वरिष्ठ कौन्सिलांत आणलें, आणि पुढल्या वर्षीं सरकारी मतांच्या जोरावर तें फेटाळलें गेलें. परक्या सरकारनें तें फेटाळलें यांत नवल नाहीं. नवल हें कीं, १९५० च्या राज्यघटनेनें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांत मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचें आश्वासन दिलें, आणि त्याचा हक्क म्हणून कायदा अमलांत आला तो २०१० सालीं! गोखल्यांच्या बिलापासून मोजलें तर नव्याण्णव वर्षें झालीं. १९८१ च्या खानेसुमारींतही निम्म्याहून कमी, म्हणजे शेंकडा ४४ माणसें साक्षर होतीं. कापसाच्या गांठीवर कोणाचा शिक्का असावा हें ठरविण्यास आमच्या सरकारास वेळ होता. गांठ वाहणाऱ्या हमालाच्या मुलीस शाळा द्यावी यास नव्हता.

आतां चीनकडे वळूं. तेथील नव्या सत्तेनें पहिल्याच वर्षांत जमीनदारी मोडून जमीन कुळांस वांटली, आणि तें करतांना फार रक्त सांडलें हेंही सांगितलें पाहिजे. १९५० च्या विवाहविषयक कायद्यानें जुलमाचे विवाह व रखेली ठेवण्याची चाल बंद केली आणि स्त्रीस घटस्फोटाचा हक्क दिला. गांवोगांव प्राथमिक शाळा निघाल्या. थोडकें शिक्षण दिलेले 'अनवाणी वैद्य' खेडोपाडीं टोंचण्या, बाळंतपणें व साथीचे रोग यांकडे पाहूं लागले. या सर्वांचें फळ १९८० च्या सुमारास दिसतें. चीनमध्यें सरासरी आयुर्मान ६५ वर्षांच्या पुढें गेलें होतें. आमचें ५४ च्या आसपास होतें. तेथील प्रौढांपैकीं सुमारें दोनतृतीयांश साक्षर होते. म्हणजे चीनचा व्यापार खुला होण्यापूर्वींच तेथील मजूर, आणि विशेषतः तेथील स्त्री, धडधाकट व लिहितांवाचतां येणारी अशी तयार झाली होती. ही ती जमेची पहिली रकम. पुढें शेंझेनच्या कारखान्यांत ज्या लाखों खेडवळ मुली कामास आल्या, त्या यंत्रावरील सूचना वाचूं शकत होत्या. समाजसुधारणा ही चैनीची बाब असून पैसा आल्यावर तिच्याकडे पाहूं, असें म्हणणाऱ्या आमच्या व्यापारी मित्रांनीं हें लक्षांत ठेवावें.

१९७८ नंतर चीनमधील सरकार बाजूस झालें, हें अर्धेंच खरें आहे. आन्ह्वे प्रांतांतील श्यावगांग या खेड्यांत त्या वर्षीं अठरा कुटुंबांनीं गुप्तपणें एक कागद करून त्यावर अंगठे उठविले. सामुदायिक शेत आपापसांत वांटून घ्यावें, सरकारचा वांटा भरून उरलेलें धान्य ज्याचें त्यानें ठेवावें, आणि या गुन्ह्याबद्दल म्होरके तुरुंगांत गेलेच तर त्यांचीं मुलें इतरांनीं वाढवावीं, असा तो करार होता. पुढच्या हंगामांत पीक इतकें आलें कीं वरिष्ठांस डोळेझांक करणें भाग पडलें, आणि डेंग श्यावपिंग यांच्या राजवटींत तीच रीत देशभर पसरली. येथें सरकारनें हात काढला आणि शेतकरी तरला. त्यानंतर तालुक्या-खेड्यांच्या मालकीचे लहान कारखाने निघाले व १९९० नंतरच्या दशकांत त्यांत बारा कोटींहून अधिक लोक काम करीत होते. १९८० सालीं शेंझेनसह चार ठिकाणीं परदेशी भांडवलास मोकळीक मिळाली. परंतु जमीन सरकारची किंवा गांवाचीच राहिली, मोठ्या बँका सरकारच्याच राहिल्या, आणि रस्ते, वीज, बंदरें यांवर सरकारनेंच पैसा ओतला. म्हणजे सरकार निघून गेलें असें नव्हे. तें शेतकऱ्याच्या खळ्यांतून उठून बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसलें.

आतां दंड्याविषयीं. ज्यांस तो हवा आहे त्यांनीं १९५८ ते १९६१ हीं वर्षें आठवावीं. त्या वेळीं चीनच्या सत्ताधाऱ्यांनीं 'मोठी झेप' घेण्याचें मनांत आणलें. शेतकऱ्यांस नांगरावरून उठवून परसांतल्या भट्ट्यांत लोखंड वितळविण्यास बसविलें. पिकाचे खोटे फुगविलेले आंकडे वर गेले, त्या आंकड्यांवरून धान्याची वसुली झाली, आणि खेडीं रिकामीं राहिलीं. त्यांत मेलेल्यांची संख्या अभ्यासक दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत सांगतात. खरी हकीकत छापणारें वृत्तपत्र नव्हतें, प्रश्न विचारणारें विधिमंडळ नव्हतें, आणि जो बोलला तो गेला. याच्याशीं आमच्या महाराष्ट्रांतील १९७२ चा दुष्काळ ताडून पाहा. पावसानें लागोपाठ दगा दिला होता, विहिरी आटल्या होत्या, गुरें मेलीं. परंतु वर्तमानपत्रें ओरडत होतीं, मोर्चे निघत होते, आमदारांस मतदारसंघांत तोंड दाखवावें लागत होतें. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं, आणि भूकबळींचे ढीग पडले नाहींत. वि. स. पागे यांच्या चिकाटीनें त्यांतूनच रोजगार हमीची योजना उभी राहिली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. सरकारचा हात घट्टही असूं शकतो आणि जबाबदारही असूं शकतो, याचें हें घरचें उदाहरण आहे.

परंतु यावरून आम्हीं स्वतःची पाठ थोपटून घेऊं नये. अमर्त्य सेन व जाँ द्रेज या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं असें दाखवून दिलें कीं, चीनच्या तुलनेनें हिंदुस्थानांत जे अधिक मृत्यु दररोज शांतपणें होत असत, त्यांची बेरीज केली तर दर आठ वर्षांनीं चीनच्या त्या दुष्काळाएवढी संख्या भरे. दुष्काळांत मेलेला माणूस बातमी होतो; अतिसारानें मेलेलें मूल होत नाहीं. आमच्या लोकशाहीनें ओरडणाऱ्याचें ऐकिलें. जो ओरडूं शकत नाहीं त्याच्याकडे पाहण्यास ती शिकली नाहीं. हा दोष लोकशाहीचा नसून ती अर्धवट वापरणाऱ्या आम्हां सुशिक्षितांचा आहे.

दंडा मागणारा मनांतून असें धरून चालतो कीं तो दुसऱ्याच्या पाठीवर पडेल. चीनमधील धनिकांचा अनुभव निराळा आहे. २०२० च्या नोव्हेंबरांत अँट या बड्या कंपनीची भागविक्री अवघी दोन दिवसांवर असतां सरकारनें थांबविली. २०२१ च्या जुलईंत शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांतून नफा मिळविण्यास एका फर्मानानें बंदी झाली, आणि भरभराटींत असलेला धंदा बसला. तक्रार कोणाकडे करणार? सामान्य माणसाचें तर विचारूंच नये. १९८० पासून २०१५ पर्यंत कुटुंबास एकच मूल असावें हा नियम सरकारनें घरांत शिरून पाळविला, आणि २०२२ पासून त्या देशाची लोकसंख्या घटूं लागली असून म्हाताऱ्यांस पोसणारे हात कमी पडत आहेत. रोगापेक्षां औषध भयंकर ठरलें.

आणि दंडा आमच्या पाठीवर कधीं पडलाच नाहीं काय? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा, म्हणजे चलनांतील रकमेच्या शेंकडा ८६, चार तासांच्या सूचनेनें रद्द झाल्या. किरकोळ व्यापारी, आडते, विणकर, मजूर यांचें त्यानंतरच्या महिन्यांत काय झालें तें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयानें त्या हुकुमाची वैधता तपासून निकाल दिला तो २०२३ च्या जानेवारींत. पांचांपैकीं चार न्यायमूर्तींनीं तो वैध ठरविला, न्यायमूर्ति नागरत्ना यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. पण कोणत्याही बाजूनें निकाल लागला असता तरी बुडालेलें दुकान सहा वर्षांनीं उघडलें नसतें. आम्ही स्वतः वकिलीच्या धंद्यांतले आहों, आणि न्यायाच्या दिरंगाईचा दोष आमच्या धंद्यास कांहीं अंशीं लागतो हें कबूल करतों. परंतु न्याय उशिरां मिळतो यावरचा उपाय न्यायाधीश वाढविणें हा आहे, न्यायालय मोडणें हा नव्हे. सिंगूरच्या शेतकऱ्यांची १९८४ नव्हे, १८९४ च्या इंग्रजी कायद्यान्वयें २००६ सालीं घेतलेली जमीन २०१६ सालीं न्यायालयानें परत देवविली. दहा वर्षें लागलीं हें लाजिरवाणें आहे. पण चीनमध्यें यांगत्से नदीवरील त्रिदरी धरणासाठीं जीं सुमारें तेरा लाख माणसें उठविलीं, त्यांस असें दार ठोठावण्याची आशाही नव्हती.

मग चीनपासून घेण्यासारखें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. एक तर वर सांगितलेली शाळा व दवाखाना. दुसरें म्हणजे स्थानिक सत्ता. त्या एकपक्षी देशांत देखील एकूण सरकारी खर्चाचा सुमारें शेंकडा ८५ भाग प्रांत, शहरें व तालुके यांच्या हातून होतो, आणि आपल्या गांवीं धंदा वाढला तर अधिकाऱ्यास बढती मिळते. या पद्धतीचेही दोष आहेत. जमिनी विकून व कर्जें काढून शहरांनीं इमारतींचीं रानें उभीं केलीं, आणि २०२१ सालीं एव्हरग्रँड ही बडी बांधकाम कंपनी कर्जें फेडूं शकली नाहीं तेव्हां त्याची किंमत दिसली. तरी नगरांस पैसा व अधिकार असावा हें तत्त्व खोटें ठरत नाहीं. आमच्याकडे काय चाललें आहे? मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या एकाही सभासदावांचून प्रशासकांनीं कारभार हांकला. ज्या शहरांत एवढा व्यापार चालतो तेथील व्यापाऱ्यांनीं या गोष्टीविरुद्ध किती सभा भरविल्या? चीनमधील माणसास मत नाहीं म्हणून आम्ही हळहळतों, आणि आमचें मत तीन वर्षें पेटींत पडून राहिलें तरी आमची झोंप मोडत नाहीं!

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतों. सरकारचा हात मोठा असावा कीं लहान, हा प्रश्न चुकीचा आहे. तो हात कोठें असावा आणि त्यास जाब कोण विचारणार, हे दोन प्रश्न खरे आहेत. शाळा, दवाखाना, पिण्याचें पाणी, वीज, रस्ता, आणि वेळेवर निकाल देणारें न्यायालय या ठिकाणीं सरकारनें सढळ हातानें असावें. तेथें काटकसर करणें म्हणजे बियाणें खाणें होय. दुकानाच्या गल्ल्यांत, कारखान्याच्या मापांत व कागदांच्या चळतींत त्यानें विनाकारण असूं नये. सरकारनें २०२० पासून कित्येक धंद्यांस उत्पादनाच्या प्रमाणांत बक्षिसी देण्याची योजना चालविली आहे. रानड्यांच्या शिष्यांनीं तिला तत्त्वतः विरोध करण्याचें कारण नाहीं. पण कोणास किती दिलें, त्यानें किती माणसें कामास लावलीं, किती माल बाहेरदेशीं पाठविला, याचा हिशेब दरसाल जाहीर व्हावा, नाहींतर जुना परवाना नव्या नांवानें परत येईल.

आणि एक मागणी आम्ही सरकारकडे न करतां आमच्या वाचकांकडे करतों. पुढच्या वेळीं गादीवर बसून "दंडा पाहिजे" असें म्हणण्यापूर्वीं आपल्या पेठेंतील नगरपालिकेच्या शाळेंत एकदां जाऊन यावें. तेथें किती मुली आहेत, किती शिक्षक आहेत, चौथींतल्या मुलास धडा वाचतां येतो कीं नाहीं, हें स्वतः पाहावें, आणि जें दिसेल त्याचा जाब निवडून दिलेल्या सभासदास विचारावा. गोखल्यांचें बिल पडलें तेव्हां सत्ता परक्यांच्या हातीं होती व आमचे वडील मुकाट्यानें सोसण्यापलीकडे फारसें कांहीं करूं शकले नाहींत. आज ती सबब आम्हांस उरलेली नाहीं.